येथील वर्तमान ऐसे जे : नागपूरकरांच्या बातमीपत्रावर ओळीओळीचे भाष्य

पुढे मूळ म्हणून ज्या ओळी दिल्या आहेत त्या कोणा एका पत्रातल्या नाहीत. अठराव्या शतकात मराठी दरबारांचे वकील आणि बातमी लिहिणारे कारकून ज्या साच्यात पत्र घालीत, तो साचा इथे ओळीने मांडला आहे. नाव, गाव, तिथी बदले. साचा तोच राही. भाष्य त्या साच्यावर आहे आणि त्या साच्यात ज्यांनी आयुष्य काढले त्या माणसांवर आहे.

त्यांतला एक माणूस मला मुख्य धरायचा आहे : बेनीराम पंडित, नागपूरकर भोसल्यांचा कलकत्त्यातला वकील. मौद्याच्या वाचकाला तो परका वाटू नये. नागपूरहून पूर्वेला निघालेला रस्ता मौद्यापाशी कन्हान ओलांडतो आणि भंडाऱ्याला जातो. त्याच दिशेने पुढे छत्तीसगड, संबळपूर, कटक आणि सरतेशेवटी कलकत्ता. भोसल्यांचे राज्यही ह्याच अंगाने वाढले. १७४१ मध्ये रतनपूर हाती आले, १७५१ च्या तहाने ओडिशा आणि बंगालची १२ लाखांची चौथ मिळाली. राज्य लांबले तशी बातमीची वाटही लांबली. पुण्याच्या राजकारणाविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले. पूर्वेच्या ह्या वाटेवर लिहिणाऱ्यांकडे आपण विदर्भातल्यांनीही पुरेसे पाहिलेले नाही.

॥ श्री ॥

मोडी लिहिणारा आधी कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिही. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, बोरू शक्य तितका कमी उचलायचा. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी. असा हात बसायला लहानपणापासून दफ्तरात बसावे लागे. ह्या पेशात शिरण्याचा दरवाजा कारकुनीचाच होता, एवढे ह्या पहिल्या ओळीवर पुरे.

पैवस्ती छ अमुक, माहे अमुक, सन इसन्ने समानीन मया व अलफ

ही ओळ पत्र लिहिणाऱ्याची नाही. पत्र ज्याच्याकडे पोचले त्याच्या दफ्तरातल्या कारकुनाने वर घातलेली ही पोच. तिथी हिजरी महिन्याची, सन मात्र सुहूर, म्हणजे मृग लागला की बदलणारा, आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत. इसन्ने समानीन मया व अलफ म्हणजे ११८२. जून ते डिसेंबरचे पत्र असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचे असेल तर ६००. हे साल इसवी सनाच्या १७८१ च्या मृगापासून १७८२ च्या मृगापर्यंत चालते. बेनीरामाच्या आयुष्यातले सर्वांत खळबळीचे दिवस ह्याच सालात पडतात, म्हणून साच्यात मी तेच घातले.

सगळ्या पत्रात मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते. लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख शेजारी ठेवली की बातमीला किती दिवस लागले ते कळते. राजाने एखादा निर्णय घेतला त्या दिवशी त्याला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे इतिहासकाराला दुसऱ्या कशाने कळणार? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना खबर लागली ती भेलशाजवळ, २४ जानेवारीला, तीही एका सावकारी पत्रातून, मोती-मोहरांच्या सांकेतिक भाषेत. मधले दहा दिवस पेशवे एका संपलेल्या लढाईच्या मदतीला चालले होते. पानिपताच्या नंतरच्या घटनांचा न्याय करताना हे दहा दिवस हिशेबात धरलेच पाहिजेत.

पूर्वेची वाट ह्याहून अवघड. जंगल, घाट आणि पावसाळ्यात फुगलेल्या नद्या. १७७८ मध्ये कलकत्त्याचा इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज ह्याने आपला विश्वासू माणूस अलेक्झांडर एलियट ह्याला कटकच्या वाटेने नागपूरला पाठवले. भोसल्यांशी इंग्रजांचा तह जमवणे हे त्याचे काम. भर पावसाळ्यात तो निघाला आणि सप्टेंबरमध्ये सारंगगडाजवळ तापाने वारला. त्याची कबर तिकडेच आहे. वैनगंगा आणि कन्हान त्याला दिसल्याच नाहीत. एका वकिलाच्या मरणाने दोन दरबारांतली बोलणी किती महिने मागे पडू शकतात, ते इथे दिसते. ह्या वाटेवर जासूद जोडीने धावत, तेही ह्यामुळेच. एकाला काही झाले तर दुसऱ्याने थैली पुढे न्यायची.

श्रीमंत राजश्री अमुक स्वामींचे सेवेसी

पत्राला वाचक एकच. हा एकच वाचक म्हणजे ह्या लेखनाची ताकद आणि त्याचा धोकाही.

ज्या काळाचे हे पत्र आहे त्या काळी नागपुरात गादीवर दुसरे रघूजी होते, पण अल्पवयीन. कारभार त्यांचे वडील मुधोजी यांच्या हाती. मुधोजींनी ही सत्ता मिळवली ती भावाला मारून. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून मारले गेले. अशा माणसाला बातमी लिहिणे म्हणजे काय, ह्याची कल्पना वाचकाने करावी. मुधोजींच्या पाठीशी बसलेला दुसरा वाचक त्याहून चाणाक्ष : दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे, म्हणजेच देवाजीपंत. साडेतीन शहाण्यांत ज्यांची गणना होते ते हे नागपूरचे शहाणे. सखारामबापू बोकील आणि विठ्ठल सुंदर हे दुसरे दोन, नाना फडणीस अर्धे. देवाजीपंतांसमोर थातुरमातुर लिहून चालत नसे, कारण त्यांच्याकडे त्याच गावाहून दुसऱ्याही कोणाचे पत्र येत असे.

ज्या कलकत्त्यात बेनीराम होता त्याच कलकत्त्यात २९ जानेवारी १७८० रोजी जेम्स ऑगस्टस हिकी ह्याने हिंदुस्थानातले पहिले छापील वृत्तपत्र काढले. हिकीला वाचक शेकड्याने. गव्हर्नर जनरलला, सरन्यायाधीशाला तो उघड नावे ठेवी, मराठ्यांशी चाललेल्या युद्धाच्या बातम्या छापी, त्यांत अफवाही भरपूर असत. त्याच्या अफवेने एखादा वाचक रागावला तर दुसरा हसे. बेनीरामाच्या एका चुकीच्या ओळीने मात्र कटकच्या फौजेला चुकीचा हुकूम सुटू शकत होता. छापील पत्राचा लेखक लोकांना उत्तरदायी असतो आणि हस्तलिखिताचा लेखक फक्त धन्याला, असे म्हणून आपण दुसऱ्याला कमी लेखतो. पण चुकीची किंमत कोणाला तत्काळ मोजावी लागे, हे विचारले तर उत्तर उलटे येते. लोकशाहीसाठी हिकीची परंपरा हवी, ह्यात वाद नाही. बातमी पारखून घेण्याची शिस्त मात्र मला ह्या दुसऱ्या परंपरेत अधिक कडक दिसते.

पोष्य आज्ञाधारक अमुक कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना ऐसीजे

नाव इतक्या नम्रतेत बुडवलेले की लिहिणारा माणूस दिसू नये. पण ह्या नम्रतेखालून केवढे आयुष्यक्रम वर आले ते पाहण्यासारखे आहे. बोरू चालवणारा पुढे वकील होई, वकील तह ठरवी, तह ठरवणाऱ्याला जहागीर मिळे किंवा कैद.

काशीराज पंडिताचे उदाहरण घ्या. मराठी ब्राह्मण, नोकरी अवधच्या शुजाउद्दौल्याकडे. पानिपतच्या वेळी भाऊसाहेब आणि शुजा ह्यांच्यातल्या निरोपांची ने-आण त्याच्या हातून झाली. लढाई त्याने विरुद्ध बाजूच्या छावणीतून पाहिली, आणि जवळजवळ वीस वर्षांनी, १७८० मध्ये, फार्सीत तिचा वृत्तान्त लिहिला. पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे भाषांतर केले आणि युरोपला पानिपत कळले ते मुख्यतः ह्या मराठी माणसाच्या फार्सीतून. कारकून, मध्यस्थ, साक्षीदार, इतिहासकार : एकाच माणसाचे चार जन्म. त्याच्या लेखनाचे वजन त्याने दोन्ही छावण्यांत पाय ठेवलेले होते ह्यातून येते. अब्दालीच्या गोटातल्या मसलती आणि भाऊसाहेबांचे निरोप दोन्ही ठाऊक असलेला लिहिता माणूस दुसरा कुठून आणणार?

नागपूरच्या बाजूला यशवंतराव रामचंद्र हे नाव लक्षात ठेवावे. भोसल्यांचा हा वकील. इंग्रजांशी झालेली अडगावची लढाई हरल्यावर आणि गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला, त्याची बोलणी आर्थर वेलस्लीशी त्यानेच केली. त्या तहात कटक गेले आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. पूर्वेच्या वाटेच्या टोकाशी असलेले भोसल्यांचे ठाणे एका वकिलाच्या बोलण्यात संपले. हरलेल्या धन्याचे शब्द जिंकलेल्याच्या पुढे ठेवण्याचे काम तलवारीचे नसते. ते ह्याच पेशातल्या माणसाच्या वाट्याला येते, आणि इतिहास त्याचे श्रेय त्याला देत नाही.

येथील क्षेम छ अमुक पावेतो यथास्थित असे

ह्या ओळीत पत्र लिहिल्याची तारीख आली. वरच्या पोचेशी ती जुळवून पाहायची. बाकी शिष्टाचार.

विशेष. येथील वर्तमान ऐसे जे

इथून बातमी सुरू होते. १७७९ ते १७८१ ह्या तीन वर्षांत बेनीरामाला काय लिहायचे होते ते आधी मांडले पाहिजे, कारण नागपूरच्या इतिहासातला हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे.

पुण्यात नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची जूट बांधली : पेशवे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले. भोसल्यांच्या वाट्याला बंगालवर चालून जाण्याचे काम आले. मुधोजींनी नकार दिला नाही. धाकटे चिरंजीव चिमणाजी ह्यांना ३०,००० फौज देऊन रवाना केले. ही फौज १७७९ च्या दसऱ्याला निघाली आणि कटकला पोचली ती पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. एवढा वेळ वाटेच्या अडचणींनी लागत नाही. मुधोजींनी ह्या जुटीची वार्ता आतून हेस्टिंग्जला पोचवली होती, आणि फौज पुढे न सरकण्याची किंमत कलकत्त्याहून वसूल होत होती. तीन लाखांपासून ही देणी सुरू झाली आणि पुढे कितीतरी वाढली. १७८१ मध्ये चिमणाजींशी समेट झाला आणि कर्नल पिअर्सची बंगाली पलटण ओडिशातून मद्रासकडे बिनधोक निघून गेली. हैदराशी झुंजणाऱ्या मद्रासकर इंग्रजांना ती मदत जिवावरचे संकट टाळणारी ठरली.

आता ह्या चित्रात बेनीराम कुठे बसतो? तो कलकत्त्यात, हेस्टिंग्जच्या दाराशी. नागपूरचे म्हणणे हेस्टिंग्जला सांगायचे आणि हेस्टिंग्जचे मन नागपूरला कळवायचे. त्याच वेळी पुण्याचे बातमीदार नागपुरात बसून नानांना लिहीत होते. नानांच्या मेणवलीच्या दफ्तरात नागपूरहून आलेल्या अशा पत्रांचा मोठा साठा सापडला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी निवडून तो डेक्कन कॉलेजतर्फे दोन भागांत प्रसिद्ध केला, १९५४ आणि १९५९ मध्ये. म्हणजे एकाच राजकारणाची वार्ता दोन दिशांना चालली होती : कलकत्त्याहून नागपूरला आणि नागपूरहून पुण्याला. नागपूर स्वतः बातमी मिळवीत होते आणि स्वतःच बातमीचा विषय होते. फौज कटकला चालली आहे, हे खरे. ती लढणार नाही, हेही खरे. ह्यांतले कोणते सत्य कोणत्या दरबाराला केव्हा कळले, ह्यावर सालबाईपर्यंतचे, म्हणजे १७ मे १७८२ च्या तहापर्यंतचे राजकारण उभे आहे.

आणि मग १७८१ चा ऑगस्ट. हेस्टिंग्ज काशीला आला, तिथला राजा चेतसिंग ह्याच्याकडून मोठा दंड उकळण्यासाठी. १६ ऑगस्टला चेतसिंगाला त्याच्याच वाड्यात अटकेत ठेवले, शहर उठले, पहाऱ्यावरचे शिपाई कापले गेले. २१ ऑगस्टच्या रात्री हेस्टिंग्ज काशी सोडून चुनारच्या किल्ल्याकडे निसटला. सैन्याचे पगार थकलेले, जवळ रोकड नाही. ह्या वेळी बेनीराम आणि त्याचा भाऊ बिशंभर हे काशीतच होते. ते मागोमाग चुनारला आले आणि काशीच्या घरातली एक लाखाची रक्कम त्यांनी हेस्टिंग्जला देऊ केली. हेस्टिंग्जने काशीच्या ह्या प्रकरणाचा वृत्तान्त लगेच पुढच्या वर्षी छापून काढला. त्यात त्याने ह्या भावांची आठवण कृतज्ञतेने केली आहे, आणि पुढे त्यांना जहागीरही दिली.

हिकीला १७८१ मध्येच बदनामीच्या खटल्यात कैद झाली. तुरुंगातूनही तो पत्र चालवत राहिला. १७८२ च्या मार्चमध्ये त्याचे खिळे जप्त झाले. एकाच शहरातले, एकाच राज्यकर्त्याभोवती फिरणारे दोन बातमीदार : एक कैदेत गेला, दुसरा जहागीरदार झाला.

श्रुत जाहले ते लिहिले आहे

ह्या ओळीसाठी मला ह्या लोकांविषयी मनापासून आदर वाटतो. चांगला बातमी लिहिणारा समक्ष पाहिलेले, दरबारात ऐकलेले, सावकाराकडून कळलेले आणि बाजारात बोलवा असलेले, हे वेगळे ठेवतो. दरबारी माणसाकडून कळले तर कोणाकडून. सावकाराच्या पेढीवर कळले तर कोणत्या गावच्या पत्रावरून. बाजारात ऐकले तर तसे. पुढे खातरजमा झाली की दुसऱ्या पत्रात कळवायचे, खोटे ठरले तर तेही कळवायचे. आजच्या बातमीदारीच्या वर्गात शिकवतात ते हेच, आणि ते नागपूर-पुण्याच्या कारकुनांना कोणी वर्गात शिकवले नव्हते. धन्याच्या विचारण्याने ते अंगी बाणले : हे तुम्ही पाहिले की ऐकले?

सावकारांची बातमी वेगाने धावे, कारण हुंडीचा भाव तिच्यावर अवलंबून. पानिपताची खबर पेशव्याला सावकारी पत्रातून मिळाली हे वर आलेच. त्यामुळे कुशल वकील पेढ्यांशी घसट ठेवी. बेनीरामाच्या हाताशी लाखाची रोकड होती ह्याचे मला त्यामुळे फारसे नवल वाटत नाही. बातमी आणि पैसा ह्यांचे रस्ते एकच होते.

इंग्रजही हे शिकले. १७८८ पासून कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नागपुरात आलेला जॉर्ज फॉर्स्टर हा बंगालपासून इंग्लंडपर्यंत खुष्कीच्या मार्गाने जाऊन त्या प्रवासाचे पुस्तक लिहिणारा माणूस. १७९१ मध्ये तो नागपुरातच वारला. १७९९ मध्ये त्याच जागी आलेला हेन्री कोलब्रुक संस्कृतचा मोठा पंडित. कंपनीने नागपूरला लिहिता-वाचता, निरीक्षण करणारा माणूस निवडून पाठवला, ह्यावरून त्या काळच्या नागपूरचे वजन समजावे.

पुरवणी अलाहिदा लिहिली आहे त्यावरून ध्यानास येईल

मुख्य पत्र दरबारात वाचले जाई. पुरवणी एकट्याने वाचायची. मुख्य पत्रात स्नेहाची बोलणी, सणाच्या भेटी, फौजेचे मुक्काम. पुरवणीत ज्याचे नाव चारचौघांत घेता येत नाही त्याचे म्हणणे. अनेकदा वाचून फाडून टाकण्याची सूचना असे. ज्या पुरवण्या आज आपल्याला वाचायला मिळतात, त्या कोणीतरी ही सूचना न पाळल्यामुळे मिळतात. नानांनी पाळली नाही, म्हणून मेणवलीचे दफ्तर आहे. देवाजीपंत १७८१ मध्येच गेले. त्यांच्या हाती आलेल्या पुरवण्या मेणवलीसारख्या साठून राहिल्या असत्या तर नागपूरचा अठराव्या शतकाचा इतिहास आज वेगळा लिहिला गेला असता, असे मला ठामपणे वाटते.

खर्चाची ओढ बहुत, वेतनाची बेगमी जाली पाहिजे

लिहिणाऱ्याचे पोट. पत्र राज्याच्या उलथापालथीचे असो, शेवटी ही ओळ येतेच. वकिलाला परक्या दरबारी इतमामाने राहावे लागे : पालखी, माणसे, सणावाराचे नजराणे, खबर देणाऱ्यांचे हात ओले करणे. धन्याकडून वेतन मात्र महिनोन्महिने थकलेले. वकील कर्ज काढी आणि पत्रात त्याचे रडगाणे गाई. ह्या ओळीकडे घरगुती तक्रार म्हणून पाहणारे संपादक तिला गाळतात. तसे करू नये. बातमी कोणाच्या पैशाने लिहिली गेली, हे बातमीइतकेच महत्त्वाचे.

ह्याच शतकात लंडनमध्ये जेम्स राल्फ नावाचा माणूस लेखणीवर जगत होता. १७२४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या सोबत अमेरिकेहून तिथे आला. कविता केल्या, त्यापायी अलेक्झांडर पोपच्या उपहासाचे लक्ष्य झाला. नाटके लिहिली, हेन्री फील्डिंगबरोबर ‘चँपियन’ हे पत्र चालवले, इतिहासाचे जाड ग्रंथ लिहिले, सरकारविरोधी राजकीय पत्रे काढली. शेवटी सरकारनेच त्याला वर्षाला ३०० पौंड बांधून दिले, ते त्याने लिहू नये म्हणून. १७५८ मध्ये त्याने धंद्याने लेखक असलेल्यांच्या बाजूने पुस्तक लिहिले, त्यात पुस्तकविक्रेते, नाट्यगृहे आणि राजकीय पक्ष ह्या तिघांच्या हाती लेखक कसा पिळला जातो ते मांडले. १७६२ मध्ये तो वारला.

राल्फला गप्प बसण्याचे पैसे मिळाले आणि बेनीरामाला बोलण्याचे, कळवण्याचे, जुळवून आणण्याचे. पण दोघांच्या आयुष्यातला पेच एकच आहे. बातमी लिहिणारा ज्या क्षणी बातमीतल्या एका पक्षाचा सावकार किंवा पेन्शनर होतो, त्या क्षणापासून त्याच्या साक्षीचे वजन कमी होते. बेनीरामाने धन्याशी बेइमानी केली असे मी म्हणणार नाही. हेस्टिंग्जशी सख्य ठेवणे हे मुधोजींचेच धोरण होते आणि चुनारला दिलेला लाख त्या धोरणाच्या विरुद्ध नव्हता. मात्र चुनारनंतर कलकत्त्याहून नागपूरला गेलेल्या त्याच्या मजकुराकडे मी आधीच्या विश्वासाने पाहणार नाही. ज्याने हेस्टिंग्जला लाख दिले, तो हेस्टिंग्जच्या दुबळेपणाची बातमी धन्याला मोकळ्या हाताने कशी लिहील? दिलेले पैसे परत येण्यासाठी हेस्टिंग्ज टिकायला हवा होता. वकील म्हणून बेनीराम यशस्वी ठरला. बातमीदार म्हणून १७८१ नंतर त्याला पारखूनच घ्यावे लागेल. हा निवाडा कठोर आहे, पण त्याच्या पेशाच्या स्वतःच्या कसोटीने दिलेला आहे.

बहुत काय लिहिणे. कृपा लोभ असो दीजे हे विज्ञापना

साच्याची अखेर. ह्यानंतर कागदाची घडी, थैली, लाखेची मोहोर आणि जासुदाची जोडी.

मराठी पत्रकारितेचा आरंभ आपण ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून मानतो. छापील, उघड, सर्वांसाठी असलेल्या पत्रकारितेचा तो आरंभ आहेच. पण बातमी मिळवणे, तिची तारीख लावणे, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवणे, मागाहून दुरुस्ती कळवणे, ही कारागिरी मराठीत त्याआधी निदान शंभर वर्षे रुळलेली होती. पत्रकारितेच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात वकील आणि बातमी लिहिणारे कारकून आले पाहिजेत, आणि पुण्या-दिल्लीच्या बरोबरीने नागपूर-कलकत्त्याची वाट आली पाहिजे. बेनीरामाची हेस्टिंग्जशी झालेली लिखापढी इंग्रजी सारांशरूपाने कंपनीच्या फार्सी पत्रव्यवहाराच्या सूचीखंडांत आहे. नानांकडे गेलेली नागपूरची पत्रे शेजवलकरांच्या दोन खंडांत मराठीत आहेत. दोन्ही शेजारी ठेवून, तारखेला तारीख लावून, १७७९ ते १७८२ ही चार वर्षे कोणीतरी सलग वाचावीत. विदर्भातल्या एखाद्या तरुण अभ्यासकाने हे हाती घ्यावे असे मला फार वाटते.

आणि मौदा, रामटेक, भंडारा, उमरेड ह्या बाजूच्या जुन्या घरांत मोडीतले कागद अजून असतील. ज्यांच्या माळ्यावर, पेटीत, देवघरामागे अशा कागदांचे रुमाल आहेत त्यांना विनंती : वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घालू नका, पाण्यात सोडू नका. नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ आहे, विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे, मोडी वाचणारी माणसे आहेत. त्यांना एकदा दाखवा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पोचेची तारीख असेल तर तो भाग फाटू देऊ नका.